अळीचं पाचक

घाटेअळीला मानेमागं चिमट्यात धरून जराशी दाबली की ती ओकते. तोंडातून हिरवट, फेसाळ थेंब बाहेर येतो. तो काचेच्या बारीक नळीच्या टोकाला लावायचा, नळी आपोआप शोषून घेते. एका अळीकडून असे चार-पाच थेंब मिळतात. मग ती नुसतंच तोंड उघडते, बाहेर काही येत नाही. अशी रिकामी झालेली अळी डावीकडच्या बर्फाच्या डब्यात टाकायची आणि पुढची उचलायची.

पद्मजा मगदूम हे काम दोन वर्षं करत होती. जयसिंगपूरच्या बाहेर उसाच्या शेतांमध्ये कंपनीची पांढरी, बिनखिडक्यांची इमारत होती. तिथल्या संगोपन कक्षात अठरा बायका रांगेनं बसत. पद्मजा एम.एस्सी. झालेली, त्यांची पर्यवेक्षक. पण कामाला माणसं कमी पडली की, म्हणजे जवळजवळ रोजच, तीही चिमटा घेऊन बसायची.

प्रत्येक अळी वेगळ्या खणात ठेवावी लागे. दोघी एकत्र आल्या तर सकाळी एकच उरायची, गलेलठ्ठ झालेली, आणि शेजारी दुसरीचं टणक डोकं पडलेलं असायचं. खणांच्या तळाशी ओल्या विष्ठेच्या गोळ्या साचत. त्या सगळ्याला एक वास होता. आंबलेला पाला, त्यात सडकं अंडं मिसळावं तसा. बाकीच्या बायकांना त्याची सवय झाली होती. त्या शेजारच्या खोलीत डबे उघडून हसत-खिदळत जेवायच्या. पद्मजाला दोन वर्षांत एक दिवसही सवय झाली नाही. घरी येऊन ती हातांना लिंबू चोळायची, मीठ चोळायची, आणि तरी कणीक मळताना बोटं नाकाशी नेऊन बघायची.

घरी तिनं सांगितलं होतं, डाळीच्या तपासणीचं काम आहे. नवऱ्याला, शीतलला, खरं माहीत होतं. तोच म्हणाला होता, "आण्णांना सांगू नकोस. झेपणार नाही त्यांना."

आण्णा म्हणजे तिचे सासरे, देवगोंडा मगदूम. पोस्टातून निवृत्त झालेले, गावातल्या जैन बस्तीचे, म्हणजे मंदिराचे, विश्वस्त. त्यांच्या घरात पाणी गाळल्याशिवाय पिलं जात नव्हतं आणि सूर्य मावळल्यावर ताट वाढलं जात नव्हतं. डाळ निवडताना एखादा किडा निघाला तर आण्णा तो कागदावर घेऊन परसातल्या जास्वंदीखाली ठेवून येत. आणि त्यांची सून दिवसाला तीनशे अळ्या बर्फात टाकत होती.

हे सगळं सुरू झालं ते हरभऱ्यापासून.

घाटेअळी हरभऱ्याचा जुना शत्रू. घाट्याला भोक पाडून डोकं आत घालते, बाकीचं अंग बाहेर ठेवते आणि आतला दाणा फस्त करते. जालीम फवारण्यांवर बंदी आली तेव्हा शास्त्रज्ञांनी वेगळा मार्ग काढला. अळी दाणा गिळते, पण त्यातली प्रथिनं तशीच तिच्या अंगी लागत नाहीत. तिच्या आतड्यातली विकरं कात्रीसारखी ती प्रथिनं कापून बारीक तुकडे करतात, तेव्हा कुठं तिचं अंग भरतं. माणसाच्या आतड्यातही हेच चालतं. अशा कात्र्यांच्या पात्यात अडकून बसणारा एक पदार्थ झाडं मुळातच बनवतात. त्याला रोधक म्हणतात. रोधक अडकला की कात्री निकामी होते, आणि अळी पोट गच्च भरलेलं असूनही उपाशी मरते. शास्त्रज्ञांनी हरभऱ्यात हा रोधक दसपट वाढवला आणि त्या वाणाला 'कवच' नाव दिलं.

दोन हंगाम अळ्या खरोखर मेल्या. तिसऱ्या हंगामात मात्र त्या पुन्हा धडधाकट दिसू लागल्या. त्यांची आतडी कापून बघितली तर आत दुसऱ्याच कात्र्या होत्या. अळीकडं एकाच कात्रीचा नमुना नसतो, वीस-पंचवीस असतात. एक अडली की ती दुसरी काढते, तीही अडली की तिसरी. मग कवच-दोन आलं, कवच-तीन आलं. कवच-चारमधला रोधक तर गंधकाच्या टाक्यांनी इतका घट्ट शिवलेला होता की कुकरच्या पाच शिट्ट्यांनीही त्याची शिवण उसवत नव्हती. अळीनं त्यावरही उपाय काढला. तिनं रोधकालाच कापणारी कात्री बनवली. जे विष म्हणून दिलं होतं, ते ती जेवण म्हणून खायला लागली. आणि अशी तयार झालेली अळी साध्या, जुन्या हरभऱ्यावर पडली की आठवड्यात नुसते खुंट उरायचे. त्यामुळं जुनं बियाणं लावायची कुणाची छाती होईना. तुरीत आणि मुगातही हेच घडलं. बाजारात दुसरी डाळच उरली नाही.

माणसाकडं मात्र वीस कात्र्या नव्हत्या. मोठ्यांचं पोट गुबारे धरण्यावर निभावलं. मुलांचं निभावलं नाही. आतड्यातल्या कात्र्या अडल्या की स्वादुपिंडाला वाटतं रस कमी पडतोय, म्हणून ते आणखी रस ओतत राहतं, सुजतं, आणि अंगातलं होतं-नव्हतं तेही त्या रसातून निघून जातं. ताटातली डाळ फुकट जातेच, वर शरीराचंही जातं.

ऋजुता आठ वर्षांची होती आणि तिचं वजन सोळा किलोवर आलं होतं.

पद्मजाची ही एकुलती मुलगी. दूध तिला जन्मापासून बाधायचं. प्याली की अंगावर गांध्या उठायच्या, श्वास लागायचा. अंड्याचा तर घरात प्रश्नच नव्हता. तिची वाढ होती ती आमटीवर, पिठल्यावर, डाळीच्या धिरड्यावर. आता तिचे दंड काडीसारखे झाले होते आणि पोट तेवढं पुढं आलं होतं. रोज सकाळी संडासातून बाहेर येताना ती शरमून म्हणायची, "आई, खूप वास येतोय. पाणी टाकलं तरी जात नाही."

मिरजेच्या बालरोगतज्ज्ञांनी एक चौकोनी पाकीट पद्मजाच्या हातात ठेवलं. "सुजीर्ण. आमटी कोमट झाली की त्यात घालायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग द्यायचं. महिन्यात फरक दिसेल."

पाकिटावर हिरवी खूण होती. खाली लिहिलं होतं, 'नैसर्गिक पाचक विकर'. पद्मजानं ते हातात धरलं आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं. हे पाकीट तिच्याच इमारतीतून निघालं होतं. आतली पिवळट पूड म्हणजे वाळवलेली अळीची ओकारी होती, रोधकाला कापणाऱ्या त्याच कात्र्यांसकट.

तिनं ते पर्समध्ये टाकलं आणि घरी आली. दुसरं काय करणार होती?

पहिल्या दिवशी पूड घालताना तिनं श्वास रोखून धरला. दहा मिनिटांत दाट आमटी पळीवरून पाण्यासारखी ओघळायला लागली. वाटीतच पचन सुरू झालं होतं, दुसऱ्याच कुणाचं तरी पोट वाटीत उघडून ठेवावं तसं. आणि वाफेबरोबर तो वास आला. अगदी पुसट, दुसऱ्या कुणाला कळलाही नसता.

"कडू लागतंय," ऋजुता म्हणाली.

"औषध आहे ना बाळा. संपव."

पद्मजानं त्या दिवसापासून स्वतः डाळ सोडली. पूड न घालता खाल्ली तर पोट दुखायचं, आणि पूड घालून खाणं तिच्यानं होणार नव्हतं. भात, ताक आणि भाजी यांवर ती भागवायला लागली.

दोन महिन्यांत ऋजुता वीस किलोची झाली. जिना पळत चढायला लागली. आण्णा तिला मांडीवर घेऊन वजन करत असल्यासारखे वर-खाली करत आणि हसत. एक दिवस दुपारी ते पाकीट घेऊन स्वयंपाकघरात आले.

"पद्मजा, ही पूड म्हणजे मोठंच पुण्याचं काम केलंय कुणीतरी. बस्तीच्या पाठशाळेत साठ पोरं येतात. निम्मी काड्या झालीत. विश्वस्तांपुढं मी विषय ठेवलाय. सगळ्यांना बस्तीतर्फे द्यायची. तुझ्याच कंपनीची आहे म्हणे. तुझ्या साहेबांशी बोलतेस काय?"

पद्मजा चपाती लाटत होती. लाटणं थांबलं.

एका घरात गप्प बसणं तिला जमलं होतं. साठ घरांतल्या पोरांना, ज्यांच्या आया पीठ तीनदा चाळतात त्यांच्या पोरांना, देवासमोर हिरवी खूण दाखवून ते भरवायचं? तिनं गॅस बंद केला.

"आण्णा, ती पूड अळीपासून करतात."

"कसली अळी?"

"घाटेअळी. हरभरा खाऊन तिच्या पोटात जो रस तयार होतो, तो. तिला दाबली की ती ओकते. तेच वाळवून पाकिटात भरतात."

आण्णांना आधी ते कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी पाकीट ओट्यावर ठेवलं आणि हात मागं घेतला.

"आणि अळी?"

"चार-पाचदा दाबली की संपते. मग बर्फात टाकतात."

"एका पाकिटाला किती?"

"चाळीसेक."

"हे करतं कोण?"

पद्मजानं आपले हात पुढं केले. त्यांना पीठ लागलेलं होतं. "मी करते. दोन वर्षं झाली."

आण्णांनी त्या हातांकडं बघितलं. नंतर म्हणाले ते एवढंच, "मला दाखव."

कंपनीला आनंदच झाला. साठ मुलांची कायमची मागणी घेऊन विश्वस्त स्वतः येतायत म्हटल्यावर विभागप्रमुख डॉक्टर केळुस्कर दारापर्यंत सामोऱ्या आल्या. त्यांनी आण्णांना चकचकीत पॅकिंगचा हॉल दाखवला, प्रमाणपत्रं दाखवली, चहा विचारला.

"ही अळीपासून करता म्हणे," आण्णा म्हणाले.

डॉक्टरांनी पद्मजाकडं एकदा बघितलं. "सगळीच विकरं कुठल्या तरी जिवाकडून येतात, काका. कायद्यात पाचक विकरांना अशी खूण चालते."

"यीस्टमध्ये नाही का करता येत? भांड्यात, आंबवून?" हा प्रश्न पद्मजानंच आण्णांना शिकवला होता. त्याचं उत्तरही तिला ठाऊक होतं, पण ते डॉक्टरांच्या तोंडून यायला हवं होतं.

"केलं होतं. एक हंगाम चाललं. बियाणं बदललं, रोधक बदलला, आमचं यीस्ट निरुपयोगी. नवीन कात्री शोधून यीस्टमध्ये बसवायला आम्हाला तीन वर्षं लागतात. अळीला एक पावसाळा पुरतो. त्या शर्यतीत आम्ही हरलोय, म्हणून तिच्याच तोंडाकडं बघत बसतो." त्या हसल्या. "चला, चहा घेऊ."

"आतलं बघायचंय," आण्णा म्हणाले.

"आत बाहेरच्यांना नेत नाही आम्ही."

पद्मजाच्या गळ्यात ओळखपत्र होतं. ते दाराला लावलं की दार उघडत होतं. लावलं तर परत कधी लावायला मिळणार नाही, हेही तिला माहीत होतं. तिनं ते लावलं.

आण्णा आत गेले. अठरा बायका मान खाली घालून काम करत होत्या. भिंतीला छतापर्यंत खणांचे ट्रे, आणि प्रत्येक खणात एक, हिरवी, गुलाबी, मातकट, आपापल्या विष्ठेत वळवळणारी. तो वास एकदम अंगावर आला. सर्वांत जवळच्या बाईनं एक अळी उचलली, दाबली. अळीनं अंग पिळलं, मागचे पाय हवेत झाडले, आणि तिच्या तोंडाशी हिरवा फुगा आला. नळीनं तो पिऊन टाकला. बाईनं पुन्हा दाबलं.

आण्णांनी धोतराचा सोगा तोंडाला लावला, पण उशीर झाला होता. ते दारातच ओणवे झाले आणि ओकले. पद्मजा त्यांची पाठ धरून उभी राहिली. मागं कुणीतरी सुरक्षारक्षकाला हाक मारत होतं.

येताना रिक्षात आण्णा म्हणाले, "मला वाटलं होतं, मी पापाच्या विचारानं हादरेन. ते मनात आलंच नाही बघ. नुसती किळस आली. तू हे रोज करून येऊन आम्हाला वाढत होतीस?"

"हात धुवून," पद्मजा म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

"धुतेस, ते दिसतंय मला. कातडी सोलली आहेस हातांची," आण्णा म्हणाले.

संध्याकाळी कंपनीचा निरोप आला, उद्यापासून येऊ नये. रविवारी बस्तीत आण्णांनी उभं राहून जे बघितलं ते सांगितलं. कुणाला काय करायचं ते ज्यानं त्यानं ठरवावं, बस्ती पूड देणार नाही आणि घेणाऱ्याला बोलही लावणार नाही, असं म्हणून ते खाली बसले. मोठा गलका झाला. सुनेची नोकरी कळल्यावर दोन घरांनी मगदुमांकडं पाणी पिणं बंद केलं. एक तरुण आई मात्र संध्याकाळी मागच्या दारानं आली आणि हळूच विचारून गेली, "पूड किती मिनिटं ठेवायची म्हणालात?"

आण्णांनी सगळ्या डाळी आजन्म सोडल्या. ऋजुताच्या वाटीबद्दल मात्र ते काही बोलले नाहीत.

पण एवढं बोललं गेल्यावर ते पोरीच्या कानी जाणारच होतं. सोमवारी ती शाळेतून आली ती गोरीमोरी होऊन. "आई, मी अळीची उलटी खाते?"

पद्मजानं खोटं बोलायचा विचार केला आणि सोडून दिला. "हो."

ऋजुता मोरीत जाऊन थुंकत बसली. त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशी भात आणि गाजराची कोशिंबीर खाल्ली. पूड घातलेली वाटी दिसली की ती तोंड दोन्ही हातांनी झाकून घ्यायची. शीतलनं चॉकलेट देऊ केलं, रागावून बघितलं, एकदा जबरदस्तीनं चमचा दातांत घातला. तिनं तो चमचा त्याच्या सदऱ्यावर रिकामा केला. पूड न घालता डाळ दिली तर पोट धरून लोळायची. दहा दिवसांत वजन दीड किलोनं उतरलं. अकराव्या दिवशी ती शाळेच्या जिन्यावर बसून राहिली आणि शीतलला तिला उचलून आणावं लागलं.

त्या संध्याकाळी साडेपाचला ताटं मांडली. ऊन अजून परसात होतं. ऋजुता भिंतीला टेकून बसली होती. तिच्यासमोर वाटी होती, पातळ झालेली आमटी आणि वर फेसाची कड.

"खा की गं राणी," शीतल म्हणाला.

"आई खाते का?" ऋजुतानं विचारलं.

शीतलनं पद्मजाकडं बघितलं.

"आई कधीच खात नाही. मी बघितलंय. ती आमटी घेतच नाही. तिला माहीत होतं म्हणून ती खात नव्हती. आणि मला घालत होती."

पद्मजानं फळीवरून एक वाटी काढली. तिच्यात आमटी ओतली, पाकीट फोडलं, पूड घातली आणि चमच्यानं हलवली. मग ती ऋजुतासमोर बसली. दहा मिनिटं कुणी जेवेना, कुणी उठेना. आण्णांचं जेवण आधीच झालं होतं. पद्मजाला वाटलं ते उठून बस्तीत जातील, त्यांची वेळ झाली होती. ते उठले नाहीत.

"तू खा," ते म्हणाले. "मी बसतो इथं."

आमटी पातळ झाली. वास वर आला. पद्मजाच्या डोळ्यांपुढं खण आले, हवेत झाडले जाणारे पाय आले, तोंडाशी फुगणारा हिरवा फुगा आला. ती अळी तिनं दाबली असेल, नसेलही. तिनं चमचा तोंडात घातला. कडू चव जिभेच्या मागच्या बाजूला पसरली, पोटातून सगळं वर उसळलं. तोंडात आलेलं तिनं दात मिटून धरलं आणि पुन्हा गिळलं. डोळ्यांतून पाणी आलं. ती दुसऱ्यांदा उसळी येण्याची वाट बघत बसली. ती आली. तीही तिनं गिळली.

ऋजुता टक लावून बघत होती.

"कसं लागतं?"

"घाण."

"खरंच?"

"खरंच. अतिशय घाण लागतं."

ऋजुता थोडा वेळ तिच्या तोंडाकडं बघत राहिली, पुढं आणखी काही सांगणार आहे का ते बघत. पद्मजा दुसरा चमचा भरत होती. मग ऋजुतानं आपली वाटी जवळ ओढली, डाव्या हातानं नाक घट्ट दाबलं आणि चमचा उचलला.